वरच्या मजल्याची ऊब

३ ऑक्टोबर

घर तापवायचं हिवाळ्याचं तेल आज टाकीत भरून घेतलं. टँकरवाला पावती फाडताना म्हणतो, "मिस लाव्हाले, एकट्या बाईला एवढं तेल? आत काचेचा कारखाना काढलाय की काय?" अशा माणसांना उत्तर द्यायचं नसतं. मी दिलं. म्हटलं, "कारखाना नाही, मी बहीण उबवते." त्याला कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

शाळेत लॅटिन शिकवत असताना मी मुलांना सांगत असे की राग आला की बोलू नका, लिहा. लिहिताना निदान व्याकरणाकडे तरी लक्ष जातं. म्हणून लिहिते.

घर आजोबांनी बांधलेलं. क्युबेकहून ते इथे लुइस्टनच्या कापडगिरणीत आले, आणि मेन राज्यातली सगळी जुनी घरं असतात तसं हे दुमजली लाकडी घर उभं केलं. आईने मृत्युपत्रात तळमजला मला दिला आणि वरचा थोरल्या बहिणीला, नोएलाला. माझ्या बैठकीच्या छतात मधोमध ताटाएवढी लोखंडी जाळी आहे. तीच वर नोएलाच्या जमिनीत. पूर्वी खाली एकच शेगडी असे, तिची ऊब या जाळीतून वरच्या झोपायच्या खोल्यांत जाई. शेगडी गेली, बॉयलर आला, जाळी राहिली. माझी ऊब वर जाते. वरून खाली येतं ते खुर्चीचं करकरणं, रेडिओवरची जपमाळ आणि मांजराशी चाललेली भाषणं.

मांजराशी म्हणजे माझ्याशी. आईच्या अंत्यविधीपासून आम्ही एकमेकींशी बोलत नाही. नोएला तिग्रीशी बोलते, मी भांड्यांशी.

"ऐकलंस का तिग्री? खालच्या मास्तरीणबाई तेलवाल्यावर घसरल्या. बिचारा अजून वाक्यातला कर्ता शोधत असेल."

मी तवा घासता घासता म्हणाले, "काय गं तवाबाई, दुसऱ्याच्या तेलावर शेकत बसायचं आणि वर तोंडही चालवायचं, हे काही लोकांना बरं जमतं नाही?"

वर खुर्ची थांबली. मग रेडिओ मोठा झाला.

१२ ऑक्टोबर

आता पुरे. जुन्या घरांच्या पोकळ भिंती भरून देणाऱ्या माणसाला बोलावलं. डेल हचिन्स. उंच, लाल दाढी, तोंडाला खीळ नाही. त्याने माझ्या पुढच्या दारात एक भला मोठा पंखा बसवला, घरातली हवा बाहेर ओढली आणि मला सगळ्या फटींपाशी हात धरायला लावला. प्लगच्या भोकांतून, कपाटाच्या मागून, जिन्याखालून, सगळीकडून गार वारा. लाज वाटावी असं घर.

"मॅडम, तुमच्या भिंतींत काय आहे माहितेय? काहीच नाही. तळघरापासून माळ्यापर्यंत सरळ पोकळ. तुम्ही तेल जाळता, ऊब भिंतीतून जिना चढते आणि छपरातून कबुतरांना मिळते."

"आणि बहिणीला," मी म्हटलं.

त्याचं म्हणणं, आधी माळा भरा. आधी टोपी, मग स्वेटर. माळ्यावर जायचा रस्ता नोएलाकडून. तो वर गेला, दार वाजवलं. दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "माझ्या घराला कुणी भोकं पाडायची नाहीत. आणि आतही कुणी यायचं नाही."

डेल खाली आला. "प्रेमळ आहेत."

"तुम्ही तिच्या सुट्टीच्या दिवशी आलात. एरवी याहून प्रेमळ असते," मी म्हटलं.

मग ठरलं, फक्त माझा मजला. चारी भिंती, आणि छत. छत म्हटल्यावर त्याने दाढी खाजवली. "छत कशाला? वर-खाली दोन्हीकडे गरम असताना मधे भरून काय मिळणार? वरचा मजला थंड असता तर गोष्ट वेगळी."

"थंड कसा असेल? ती माझी बहीण आहे, अस्वल नाही. तिच्याकडे रॉकेलचा हीटर आहे. ती लावत नाही, कारण माझं तेल तिला फुकट मिळतं."

"बरं. छत तुमचं, पैसे तुमचे."

"आणि ती जाळीही बंद करायची."

"जाळी?" त्याने वर पाहिलं. "ती तर शोभेची वस्तू आहे मॅडम. लोक अशा जाळ्या जुन्या बाजारातून विकत आणतात."

"मग ही घेऊन जा."

२६ ऑक्टोबर

आज भरलं. दारात ट्रक, ट्रकमध्ये घरघरणारं यंत्र, त्यातून खिडकीमार्गे अजगरासारखी नळी. वर्तमानपत्रांच्या रद्दीचा राखाडी, मऊ भुगा. त्यात म्हणे असं काही मिसळतात की तो पेट घेत नाही आणि उंदरांना आवडत नाही. बाहेरच्या फळ्यांना ओळीने भोकं पाडली, भुगा दाबून भरला, लाकडी बुचं मारली. भुगा वर नोएलाच्या भिंतींत चढू नये म्हणून मजल्याच्या उंचीवर भिंतीत पिशव्या कोंबल्या. म्हणजे भिंतींतून जाणारी ऊबही थांबली. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

शेवटी छत. जाळी काढायला डेल शिडीवर चढला, तेव्हा वर जाळीपाशी कुणीतरी उभं असावं. तो म्हणाला, "नमस्कार मॅडम. बंद करतोय हं."

"कर बाबा," नोएला म्हणाली. अगदी स्पष्ट आवाजात. "तिला झाकणं लावायची सवयच आहे. आईचंही घाईघाईने लावलं होतं."

ही तिची जुनी रेकॉर्ड. आईची शवपेटी बंद करायची वेळ ठरलेली होती. नोएला आईची जपमाळ आणायला घरी गेली आणि उशिरा आली. फादर खोळंबले होते, माणसं खोळंबली होती. वेळ म्हणजे वेळ. बाकी सगळ्यांना ती पाळता आली.

मी डेलला म्हटलं, "फळी मारा." त्याने मारली. मग नळी लावली.

२९ ऑक्टोबर

शांतता. काय सांगू! ना खुर्ची, ना जपमाळ, ना तिग्री. बॉयलर मधेच कधीतरी सुरू होतो, थोडा गुरगुरतो, बंद पडतो. बैठकीत मी कार्डिगन काढून बसले. सकाळी उठल्यावर पाय जमिनीला लागले तरी किंचाळावंसं वाटलं नाही. हे सगळं मी आधीच करायला हवं होतं.

११ नोव्हेंबर

नोएलाला उतारवयात भक्तीचा झटका आलाय. सकाळच्या मिसेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, असते, दुपारच्याही. शिवाय चर्चमध्ये कुणाचाही अंत्यविधी असो, ही हजर. ज्यांना ही आयुष्यात भेटली नाही त्यांच्यासाठी डोळे पुसते आणि नंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि केकला खुर्च्या उचलेपर्यंत बसून राहते. आम्ही गायकवृंदातल्या बायका चर्चच्या सज्जातून सगळं बघतो. मादाम फोर्तिए मला म्हणाली, "तुझी बहीण फारच धार्मिक झाली." मी म्हटलं, "केक चांगला असेल."

रस्त्यावरून वर पाहिलं तर खिडकीत बसली होती, घरातल्या घरात कोट आणि आईची लोकरी टोपी घालून. नटवेपणाला वय नसतं.

२७ नोव्हेंबर

आज थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की आमच्या भाचीकडे, दनीजकडे. दरवर्षीप्रमाणे आम्हा दोघींच्या खुर्च्या टेबलाच्या दोन टोकांना मांडल्या होत्या. नोएला मुळी टेबलावर बसलीच नाही. ताट घेऊन स्वयंपाकघरात ओव्हनला पाठ लावून स्टुलावर बसली. कारखान्यात जेवायची सवय. ती पंधराव्या वर्षी बुटांच्या कारखान्यात लागली, मी नन्सच्या शाळेत गेले. तेव्हा तसंच असे. मोठीने कमवायचं, धाकटीने शिकायचं. मला कुणी विचारलं नव्हतं.

जेवणानंतर ती दनीजच्या बाथरूममध्ये गेली ती बाहेर येईचना.

"रोलांदआत्या," दनीज हळूच म्हणाली, "नोएलाआत्या टबमध्ये बसलीये. गरम पाणी संपलं, तरी बसलीये."

"लोकांकडे जेवायला जायचं आणि आंघोळ करून यायचं! नन्सनी आम्हाला काय शिकवलं होतं..."

"तिला नाही शिकवलं नन्सनी. तू वर जाऊन बघतेस ना तिला अधूनमधून?"

"मला पाय आहेत तसे तिलाही आहेत."

दनीजने मला नीट न्याहाळलं. हॉस्पिटलात काम करून तिचा चेहरा असा झालाय की समोरच्याला आपण रोगी आहोत असं वाटावं.

१५ डिसेंबर

गल्लीतल्या सगळ्या घरांच्या वळचणीला बर्फाचे सुळके लटकतायत, फक्त माझ्या घराला एकही नाही! माणसं थांबून बघतात. छपरावरची ऊब बर्फ वितळवते, पाणी कडेला येऊन गोठतं, त्याचे सुळके होतात. म्हणजे ज्याच्या घराला सुळके, त्याचं तेल वाया. माझ्या छपरावर बर्फ कसा पांढराशुभ्र, इस्त्री केलेल्या चादरीसारखा. मी मादाम फोर्तिएला मुद्दाम घरावरून नेलं.

शेजारची होदान फावड्याने अंगण साफ करत होती. सोमाली आहे, तीन मुलं, स्वभावाने चांगली, पण नाक खुपसते. म्हणाली, "मावशी, वरच्या आजींच्या खिडक्यांना आतून बर्फ धरलाय."

"तिला पडदे धुवायचा कंटाळा. घाण असेल."

"बर्फ आहे मावशी. दुपारी त्या आमच्याकडे येतात ना, मुलांना मोजे विणून देतात, चहा पितात. मी म्हटलं, आजी, हात इतके गार? म्हणाल्या, रक्त जुनं झालं."

रोज दुपारी! सख्ख्या बहिणीशी एक शब्द नाही आणि परक्यांकडे जाऊन मोजे. जिना उतरून माझ्या दारावरूनच जात असणार ती. मला ऐकूसुद्धा आलं नाही.

२५ डिसेंबर

मध्यरात्रीच्या मिसेनंतर घरी आले. तुर्तिएर केले होते, डुकराच्या मांसाचं सारण भरून भाजलेले, आई करायची तसे लवंग घालून. दोन झाले. एक उरला.

८ जानेवारी

डेल तपासणीला आला. सरकारी योजनेत काम झालं की नंतर एकदा बघून जावं लागतं. पंखा लावला, आकडे बघितले, खूश झाला. म्हणाला, माझं घर आता थर्मास आहे. मी त्याला बाहेर नेलं. "आणि हे बघा. एक तरी सुळका दिसतोय?"

तो कमरेवर हात ठेवून छपराकडे बघत राहिला. नेहमी बडबडणारा माणूस गप्प झाला की संशय येतो.

"काय झालं?"

"माळा मी भरला नाही ना."

"नाही. तिने भरू दिला नाही."

"मग सुळके यायला हवेत. वरच्या मजल्याची ऊब माळ्यातून छपराला लागायला हवी. सुळके नाहीत, म्हणजे..." त्याने खांदे उडवले. "मॅडम, वर ऊबच नाहीये. वर आणि इथे रस्त्यावर सारखंच."

"ती कंजूष आहे. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"या थंडीत कुणी इतकं कंजूष नसतं. एकदा वर जाऊन बघा."

मला हे आवडलं नाही. भिंती भरायला बोलावलेल्या माणसाने भिंतीच भराव्यात. त्याला चहा दिला नाही.

१० जानेवारी

मी वर का जावं? आईच्या अंत्यविधीच्या जेवणात सगळ्यांसमोर ती मला काय म्हणाली ते मी विसरलेले नाही: "आईच्या आजारपणात तू पुस्तकं घेऊन आलीस, मी बेडपॅन घेऊन गेले." पुस्तकं मी आणली होती कारण दुसऱ्या दिवशी शाळा होती.

तरी माणुसकी म्हणून आज मी माझ्याकडून केलं. बैठकीत मधोमध उभी राहिले आणि पातेल्याला म्हटलं, मोठ्या आवाजात, स्पष्ट उच्चारांत, "ज्यांना थंडी वाजत असेल त्यांनी खाली यावं. दार उघडं आहे. सूपही आहे."

थांबले. वरून काही नाही.

पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. खुर्चीसुद्धा करकरली नाही. म्हणजे मिजास अशी की 'नको' म्हणायचेही कष्ट नाहीत. ठीक आहे. मी विचारलं. याहून जास्त कुणी विचारत नाही. सूप मी एकटीनेच संपवलं.

१४ जानेवारी

आजही विचारलं. उत्तर नाही. आता विचारणार नाही.

१९ जानेवारी

क्रमाने लिहिते.

न्याहारीला बसले होते. बैठकीत धप्प आवाज झाला. जाऊन पाहते तर छताचा एक तुकडा खाली, आणि भोकातून राखाडी लगदा ओघळतोय पियानोवर. मागोमाग पाणी. मी तळघरात धावले, मुख्य नळ बंद केला. परत येऊन पियानोवर मेणकापड टाकलं. गालिचा गुंडाळला. मग विमावाल्यांना फोन केला. ते म्हणाले, वरचा पाइप गोठून फुटला असणार, वर कोण राहतं? मी म्हटलं, माझी बहीण. ते म्हणाले, मग त्यांना सांगा ना.

वर जायचा जिना मी आईनंतर चढले नव्हते. दार ठोठावलं, ओरडले. इतकी वर्षं मी धरून चालले होते की ती आतून कडी लावून बसते. कडी नव्हती. दार ढकललं तर उघडलं.

स्वयंपाकघरात जमिनीवर पाणी, आणि कडेने त्याचा बर्फ होत चाललेला. माझ्या तोंडातून वाफ येत होती. खिडक्यांना आतून जाड बर्फ, त्यावर बोटांनी उकरलेली, बाहेर बघण्यापुरती एक जागा. रॉकेलचा हीटर कोपऱ्यात, त्यावर कुंडी. कुंडीतलं झाड काळं पडलेलं.

नोएला पलंगावर होती. कोट, टोपी, त्यावर घरातले सगळे गालिचे. तिग्री तिच्या गळ्याशी. मी म्हटलं, "नोएला, पाइप फुटलाय. माझ्या पियानोवर पाणी." तिने डोळे उघडले. ती थरथरतही नव्हती. मला आई समजून म्हणाली, "मामां, आज कारखान्याला सुट्टी आहे ना?" जीभ जड. हात धरला तर हात नव्हताच, रात्रभर बाहेर बर्फात राहिलेलं काहीतरी होतं.

मी हाक मारली ती होदानला. ती अनवाणी धावत आली. तिने नोएलाच्या कोटाची बटणं काढली आणि तिच्या शेजारी पांघरुणात शिरली, तिला छातीशी धरून. मला म्हणाली, "मावशी, उभ्या काय राहिलात, ॲम्ब्युलन्सला फोन करा!" माझ्याशी त्या आवाजात कुणी बोलत नाही.

मी फोन केला.

२१ जानेवारी

जगली. डाव्या पायाची दोन बोटं जातील.

३ फेब्रुवारी

दनीज येऊन गेली. बसली नाही, कोटही काढला नाही.

"हीटर मागच्या हिवाळ्याच्या आधीच बिघडला होता, आत्या. दुरुस्तीवाला म्हणाला, नवाच घ्या. तिच्याकडे नव्हते पैसे. मागचा हिवाळा तिने तुझ्या जाळीवर काढला. पलंग ओढून जाळीपाशी आणला होता."

"म्हणजे मी बरोबर होते," मी म्हटलं. "माझ्याच तेलावर राहत होती."

दनीजने हातमोजे चढवले.

"मग सांगायचं नाही?" मी म्हटलं. "तोंड नव्हतं तिला?"

"म्हणते, सांगितलं होतं. रोज सांगत होते, तिग्रीला. हीटर मेलाय, रोलांदच्या घरात ऊब आहे म्हणून निभावतंय."

"मांजराला! मांजर काय करणार होतं?"

"तू ऐकलं नाहीस कधी?"

मी काय ऐकलं आणि काय नाही हे मला आठवायला सांगतात. तिचं मांजरपुराण सुरू झालं की मी नळ मोठा सोडत असे. कुणीही सोडला असता.

१७ फेब्रुवारी

डेलने छत दुरुस्त केलं. ओला लगदा बादल्या भरभरून बाहेर नेला. शिडीवरून विचारलं, "पुन्हा भरू, की राहू देऊ?"

"भरा," मी म्हटलं. "वर ऐकण्यासारखं आता काही नाही."

त्याने भरलं. आज एकही विनोद केला नाही.

२ मार्च

नोएलाला भेटायला गेले. दनीजने तिला नदीपलीकडे ऑबर्नच्या वृद्धाश्रमात ठेवलंय. पातळ बाह्यांचा ब्लाउज घालून खिडकीशी बसली होती, चौघी बायकांबरोबर पत्ते खेळत. सगळ्या तिच्या कारखान्यातल्या. मी तुर्तिएर नेला होता. तो तिने वाटून टाकला.

मी सांगितलं की वर नवीन हीटर बसवून घेतलाय, रॉकेलची टाकी भरली आहे, खिडक्यांच्या फटी बुजवल्या, पाइप बदलले. पाय बरा झाला की घरी ये.

पत्ते पिसता पिसता ती माझ्याशी बोलली. मांजर तिथे नव्हतं; ते होदानच्या मुलांकडे असतं. सरळ माझ्याकडे बघून बोलली, आईनंतर पहिल्यांदा.

"इथे इतकं गरम असतं ना रोलांद, की आम्ही खिडकी उघडी ठेवतो." मग शेजारणीला, "तुझी उतारी, आल्मा."

मी अर्धा तास बसले. मला कुणी पत्ते वाटले नाहीत.

२३ मार्च

अजून बर्फ आहे. वर कुणी राहत नाही, पण हीटर बंद करता येत नाही. खालची ऊब आता वर जात नाही ना, छत नीट भरलंय. तेव्हा वरचा मजला वेगळा तापवावा लागतो. आज तेलवाला माझी टाकी भरून गेला आणि मागोमाग रॉकेलवाला वरची. टँकरवाल्याने काही विचारलं नाही. गल्लीत सगळ्यांना सगळं माहीत आहे.

सकाळ-संध्याकाळ वर जाऊन बघते, हीटर चालू आहे ना. तिन्ही खोल्या छान उबदार असतात. आज पलंगावरची चादर बदलली. तिची खुर्ची खिडकीपाशी आहे, थोडा वेळ तिच्यात बसले. करकरते खरी. दनीज विचारत होती, रिकाम्या घरावर एवढं तेल कशाला जाळतेस, आत्या? मी म्हटलं, पाइप पुन्हा फुटतील म्हणून.

पाइपांसाठी. दुसरं काही कारण नाही.